जीवामृताची चोरी

आमच्या सोसायटीत पाटी लावायला कारण लागत नाही, भिंत पुरते. कर्वेनगरातली तीन मजल्यांची जुनी इमारत. लिफ्ट नाही, पण जिन्याच्या प्रत्येक वळणावर वाचायला काहीतरी आहे. चपला कुठे काढाव्यात, कुठे काढू नयेत, काढलेल्या चपलांनी कोणाच्या दाराकडे तोंड करू नये. हे सगळं लेखन आमच्या अध्यक्षांचं. पहिल्या मजल्यावर राहतात, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, अक्षर छापल्यासारखं. सगळे त्यांना काका म्हणतात. मी सोसायटीची सेक्रेटरी. हे पद मी मागितलं नव्हतं. ज्या मीटिंगमध्ये ते ठरलं तिला मी उशिरा पोचले, एवढंच.

काकांच्या पाट्यांपैकी एक तळमजल्यावर, माझ्या आणि समोरच्या दाराच्या मधे होती. 'पहाटे पाणी भरताना आवाज करू नये. नळीचे टोक पिंपाच्या तळाशी सोडावे. पाणी भरावे, वाजवू नये. आज्ञेवरून.' महापालिकेचं पाणी आमच्याकडे उजाडायच्या आधी येतं. रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपात उंचावरून धार पडली की ढोल-ताशाचा सराव चालल्यासारखं वाटतं, आणि काकांची झोप मोडते. म्हणून हा नियम. आणि आमच्याकडचा नियम म्हणजे नियम. सगळ्यांनी नळ्यांची टोकं तळाशी सोडली. सगळ्यात काटेकोरपणे काकांनी.

पाण्याची व्यवस्था इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रस्त्यावरच्या लाइनीतलं पाणी जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जातं आणि मग सगळ्या घरांत. पण बांधणाऱ्याने त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खालच्या दोन मजल्यांना एकेक डायरेक्ट नळही दिला आहे. त्याचा टाकीशी संबंध नाही. रस्त्यावरचं पाणी थेट, येईल तेव्हा येईल, जाईल तेव्हा जाईल. तळमजल्यावर दोन घरं, आमचं आणि समोरचं, दोन्हीकडे हा नळ स्वयंपाकघरात आहे. काकांचा डायरेक्ट नळ त्यांच्या टेरेसवर निघतो, पार्किंगच्या बरोबर डोक्यावर.

या डायरेक्ट नळाचा आमच्या नवऱ्याला इतका अभिमान होता, की धरण जणू यांनीच बांधलं. "फिल्टर मुंबईच्या लोकांनी लावावा," हे म्हणायचे. "पुण्याचं पाणी आहे हे." आणि नळाखाली तांब्या धरून तिथेच घटाघटा प्यायचे. मी दिवसभर कामावर असते, तिथलं पाणी पिते, त्यामुळे या अभिमानात माझा वाटा कमी होता.

काकांच्या टेरेसवर बाग आहे. गुलाब, कढीपत्ता, गवती चहा, वांगी आणि एक अंजिराचं झाड, ज्याला आजवर फक्त कौतुक लागलं आहे. रासायनिक खताला ते हात लावत नाहीत. जीवामृत करतात. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि मूठभर माती पाण्यात कालवून काही दिवस आंबवायचं. शेणासाठी स्कूटरवरून धायरीच्या एका गोठ्यावर जातात. तिथला गवळी पहिल्यांदा म्हणाला होता, "शेण हाय की काका, पायजे तेवढं हाय. पण देशी गाईचंच म्हंता, तर गाईला इचारून देतो." काका हे मोठ्या अभिमानाने सांगतात. गवळी थट्टा करत होता, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेलं नाही.

आंबलेलं जीवामृत झाडांना तसंच घालत नाहीत, पातळ करतात. त्यासाठी टेरेसवर दुसरं मोठं पांढरं पिंप. रोज सकाळी त्यात बादलीभर जीवामृत ओतायचं, डायरेक्ट नळाची नळी पाटीप्रमाणे तळाशी सोडायची, नळ चालू करायचा आणि पूजेला बसायचं. पूजा आटोपेपर्यंत पिंप भरतं. या दोन गोष्टी काकांनी वर्षानुवर्षं इतक्या जुळवल्या होत्या की आरतीतलं एखादं कडवं गाळलं असतं तर पिंप अपुरं राहिलं असतं.

समोरच्या घरात वहिनी भाड्याने राहतात. अमरावतीकडच्या. नवऱ्याची चाकणची नोकरी गेली, दुसरी मिळेना, तेव्हा त्यांनी डबे सुरू केले. कॉलेजची मुलं, नोकरीसाठी पुण्यात आलेली मुलं-मुली, आमच्याच दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहणारे विद्यार्थी. पोळी, भाजी, वरण-भात, कोशिंबीर आणि बाटलीत ताक. वहिनी करतात, नवरा स्कूटरवरून पोचवतो, आणि घर त्यावर चालतं. तिकडच्या बायका बोलतात तसं त्या 'मी जातो, मी करतो' म्हणतात. काकांनी सुरुवातीला दोन-तीनदा जिन्यात थांबून "करते, वहिनी, करते" असं दुरुस्त केलं. वहिनींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही म्हणा काका काय म्हणायचं ते. करतो तर मीच." त्यानंतर काकांनी तो विषय सोडला.

उन्हाळा लागला. पाणी कधी वेळेवर, कधी लवकर जायला लागलं. आणि दुसऱ्या मजल्यावरची मुलं आजारी पडली. जुलाब, उलट्या, ताप. बरी झाली, पण त्यांच्यातल्या एकाची आई गावाहून आली. ती जिना चढताना सगळ्या पाट्या वाचत आली असावी, कारण वर जाऊन मुलाला बघितलं आणि सरळ काकांच्या दारात उभी राहिली. तळमजल्यावरचा डबा खाऊन मुलं आजारी पडतात, तुमचं लक्ष आहे की नाही? काकांचं लक्ष नाही असं म्हणणं म्हणजे फारच झालं. त्यांनी रविवारी मीटिंग लावली. विषय एकच, तळमजल्यावरील डब्यांचा व्यवसाय बंद करणे. मजकूर त्यांचा, सही माझी.

वहिनी त्याच संध्याकाळी माझ्या दारात आल्या. हात पिठाचे.

"ताई, माझा डबा बंद करणार म्हणतात रविवारी. खरं काय?"

"विषय ठेवलाय. ठरलं काही नाही."

"मी शिळं देतो का कोणाले? या, पाहा तुम्ही. पाहाच." मला जवळजवळ ओढतच आत नेलं. ओटा घासलेला, डबे उलटे घालून वाळत ठेवलेले, भाज्या फडक्यावर पसरलेल्या. मी पातेल्यांत डोकावले, फ्रीज उघडला, ओट्याखाली वाकून बघितलं. स्वयंपाकघर माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. मला ते फारसं आवडलं नाही, पण होतं.

"बाहेरचे पोरंही डबा बंद करायला लागले," त्या पोळी लाटत म्हणाल्या. "एकानं दुसऱ्याले सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याले. आता सोसायटीनंच बंद केलं तर मग कोण खाईल? घर सोडून गावाले जावं लागते. तिथं काही नाही ताई. म्हणून तर इथं आलो."

हे सगळं पोळीकडे बघत. रडणं वगैरे काही नाही. तवा तापला होता.

"बघते," मी म्हटलं. 'बघते' हा सेक्रेटरीचा शब्द आहे. त्यात होही नसतं आणि नाहीही.

दुसऱ्या दिवशी आमचे हे आडवे झाले. तीच लक्षणं. आता यांनी वहिनींच्या डब्याला कधी हात लावलेला नाही. एकदा वहिनींनी वाटीत ठेचा पाठवला होता, तो चाखल्यापासून हे समोरच्या दाराकडेही जपून बघतात.

"बाहेर काय खाल्लंत?"

"काही नाही."

"अहो, खरं सांगा."

"एक वडापाव. पण त्याला झाले की चार-पाच दिवस."

"मग तो आता काही बोलणार नाही. आणखी?"

"काही नाही गं. पाणी तेवढं भरपूर पितोय, उन्हाळा आहे म्हणून. आणि एक तुझ्या लक्षात आलंय का? हल्ली सगळीकडचं पाणी गेलं तरी आपल्या नळाला बारीक धार चालूच असते. तळमजल्याचा फायदा." एवढ्या अशक्तपणातही स्वर अभिमानाचा.

मी डायरेक्ट नळाचं सकाळी भरलेलं पाणी काचेच्या ग्लासात ओतून खिडकीत धरलं. किंचित पिवळट. वास घेतला. गटाराचा नव्हे. आंबूस, आणि त्याच्या मागे काहीतरी गोडसर. तो वास मी कुठेतरी घेतलेला होता, पण कुठे ते आठवेना. पाणी फेकलं, यांना उकळलेलं दिलं, समोर जाऊन वहिनींना सांगितलं की डायरेक्ट नळाचं पाणी उकळल्याशिवाय कशातही घालू नका. वहिनींनी ताकाच्या पातेल्याकडे बघितलं. ताक, कोशिंबीर, चटणी, सगळ्याला तेच पाणी. महापालिकेच्या कार्यालयात फोन केला, ते म्हणाले नमुना घ्यायला माणूस पाठवतो. मला वाटलं, कुठेतरी ड्रेनेजची लाइन फुटली असेल.

मी सदाशिव पेठेत दातांच्या एका दवाखान्याचं कामकाज बघते. तिथे खुर्चीत बसलेल्या माणसाच्या तोंडातली थुंकी ओढून घ्यायला एक बारीक नळी असते. आमच्या डॉक्टरीणबाई प्रत्येकाला एकच वाक्य सांगतात, "ओठ मिटू नका. नळी ओठांत घट्ट धरलीत तर आत गेलेलं उलटं तुमच्याच तोंडात यायचं." हे ऐकल्यावर पेशंट जो आ वासतो तो घरी जाईपर्यंत मिटत नाही. त्या दिवशीही हे वाक्य मी बाहेर टेबलावर बसून बऱ्याचदा ऐकलं आणि नेहमीप्रमाणे सोडून दिलं.

संध्याकाळी घरी आले तर जिन्यात नवी पाटी. 'जीवामृत चोरणाऱ्यास सूचना. सदर द्रव्य झाडांसाठी आहे. मागितल्यास मिळेल. चोरल्यास पापाबरोबर वासही लागेल.'

मी ती वाचत असतानाच वरून हाक आली. "सेक्रेटरीबाई! वर या जरा. घटनास्थळ तसंच ठेवलंय."

घटनास्थळ म्हणजे पांढरं पिंप. निम्म्याच्याही खाली गेलेलं.

"सकाळी पूजेला बसलो तेव्हा भरत आलं होतं," काका म्हणाले. "उठून बघतो तर हे. नळ चालू, नळी जागच्या जागी आणि माल गायब. आज पहिल्यांदा नाही. या पंधरवड्यात असं अनेकदा झालंय."

"पिंप गळत असेल."

"अहो, बाहेरून हात फिरवून बघा. कोरडं आहे."

"काका, शेणाचं पाणी कोण चोरेल?"

"तुम्हाला कल्पना नाही. माझ्या अंजिरावर डोळा असणारे या गल्लीत कमी नाहीत."

मागून काकू म्हणाल्या, "त्या अंजिराला आधी अंजीर लागू देत." काकांनी ऐकलं नाही. अशा गोष्टी ऐकू न येण्याची त्यांना सवय आहे.

मी पिंपात वाकले. आणि वास आला. आंबूस, मागे गुळाचा गोडसरपणा. नळाला लावलेली नळी काठावरून आत उतरून पार तळापर्यंत गेली होती. आमच्या पाटीत सांगितलं होतं, तशीच. आणि डॉक्टरीणबाईंचं वाक्य, जे मी सगळा दिवस ऐकून सोडून दिलं होतं, ते आता माझ्यापुढे येऊन बसलं. आत गेलेलं उलटं येतं.

पूर्वी रॉकेलच्या पिंपात नळी बुडवून, एकदा ओढून, तिचं दुसरं टोक खालच्या कॅनमध्ये सोडायचे. मग रॉकेल आपोआप उतरत राहायचं. इथे तेच चाललं होतं. काका नळ चालू करून पूजेला बसतात. उन्हाळ्यात पाणी मधेच जातं. टोक पाण्यात बुडालेलं, त्यामुळे धार कधी थांबली याचा आवाज नाही, काकांना कळायला मार्ग नाही. वरचा नळ उघडा, पिंप वर, आमचे नळ खाली. आम्ही खाली नळ सोडतो, जाता जाता दोन हंडे भरून घ्यावेत म्हणून, आणि काकांचं पिंप नळीतून, पाइपातून उतरत आमच्या हंड्यात येतं. तळमजल्याचा फायदा.

हे मी काकांना तिथेच सांगितलं असतं तर त्यांनी ते पहिल्या वाक्यात खोडलं असतं आणि रविवारी मीटिंग झाली असती. काकांना एखादी गोष्ट पटवायची असेल तर ती त्यांनाच शोधू द्यावी लागते.

"काका, चोर पकडायचाय का?"

"म्हणजे काय!"

"उद्या पिंपात नीळ टाका. भरपूर. ज्याचे हात निळे, तो चोर."

काकांचे डोळे चमकले. "सेक्रेटरीबाई, तुम्ही पोलिसात का नाही गेलात?"

"मुलाखतीला उशीर झाला असता. बाकी सगळं रोजच्यासारखं करा. नळी, नळ, पूजा. चोराला संशय यायला नको. फक्त पाणी झाडांना घालू नका."

दुसऱ्या दिवशी शनिवार. मी दवाखान्यात उशिरा येते म्हणून कळवलं. वहिनींना सांगितलं की आज डायरेक्ट नळ उघडू नका, मी येईन तेव्हाच उघडू. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्यांच्याकडे आदल्या दिवशीपेक्षा आणखी डबे कमी झाले होते. ओट्यावर रिकामे डबे एकावर एक रचून ठेवलेले दिसत होते.

काका पूजा लवकर आटोपून, वरचा नळ तसाच चालू ठेवून पार्किंगमध्ये उतरले, चोराचा तपास करायला. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून "काय, कसं काय?" म्हणत आणि हातांकडे बघत होते. काका आपण होऊन बोलायला लागले म्हणून लोकच घाबरत होते. वहिनींच्या नवऱ्याच्या बोटाला बॉलपेनची शाई लागली होती. तिच्यावर काकांची नजर बराच वेळ थांबली.

शेजारच्या बंगल्यात अंगणातल्या नळाची धार बंद पडली. म्हणजे गल्लीचं पाणी गेलं.

"काका, जरा इकडे या," मी वहिनींच्या दारातून हाक मारली. "चोराचा पत्ता लागतोय."

काका त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच आले होते. दारातच उभे राहिले, ओटा, डबे, फडकी, सगळं नजरेने तपासलं. पाटी लावण्यासारखं काही सापडलं नसावं. मी नळ सोडला. आधी स्वच्छ पाणी आलं. मग धार बारीक झाली, नळ खाकरल्यासारखा झाला. आणि मग धार निळी झाली. फिकट, पण निळीच. भांड्यात पडली, माझ्या बोटांवरून ओघळली.

"अगं माय," वहिनी म्हणाल्या.

काका दारातून आत आले. ते माझ्या हातांकडे बघत होते.

"हो काका," मी म्हटलं. "माझेच. धरा."

"माझेही," वहिनींनी धारेखाली हात धरला.

"हे... वरचं?"

"वरचं. पाणी गेलं की तुमचं पिंप नळीतून उलटं खाली येतं. टोक तळाशी आहे म्हणून तळापर्यंतचं येतं. रोज नाही, ज्या दिवशी पाणी तुमची पूजा चालू असताना जातं त्या दिवशी. चोरी कोणी केली नाही. आम्ही प्यायलो."

समोरच्या दारातून आमचे हे शाल पांघरून बाहेर आले होते. उन्हाळ्यात. "काय प्यायलो?"

"तुम्ही जाऊन पडा."

"पण काय प्यायलो?"

काका सावरले. "तसं बघायला गेलं तर त्यातला प्रत्येक घटक आपल्याकडे पवित्र..."

"काका."

"नाही. बरोबर आहे." मग जरा थांबून, हळू आवाजात, "आणि टोक तळाशी ठेवा हे..." ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि आमच्यापैकीही कोणी केलं नाही. पाटी चार पावलांवर होती. काका बाहेर जाऊन तिच्यासमोर उभे राहिले आणि अक्षर दुसऱ्या कोणाचं असावं अशी वाचू लागले.

वहिनी मात्र हिशेब बरोबर मांडणाऱ्या. "म्हणजे पोरं आजारी पडली ते माझ्याच ताकानं," त्या म्हणाल्या. "ताक माझं अन् पाणी काकांचं. पण बंद होणार फक्त माझं." मग दारात येऊन काकांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. "उद्या मीटिंगमध्ये हे कोण सांगते?"

काका वळले. "आपण मला आजचा दिवस द्यावा," म्हणाले आणि वर गेले.

त्या दिवशी बरंच काही झालं. पाइप उघडून बराच वेळ पाणी वाहू दिलं, खालची-वरची टाकी उपसून धुतली, औषध टाकलं. प्लंबरने काकांच्या नळाला आणि बाहेर मीटरपाशी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला, म्हणजे आत आलेलं पाणी परत बाहेर जाऊ नये. महापालिकेचा माणूस नमुना घ्यायला आला, त्याने टेरेसवरची नळी बघितली आणि कपाळाला हात लावला. "व्हॉल्व्ह लावलात ते बरं केलंत, पण नळी आधी वर घ्या," तो म्हणाला. "दाब गेला की रस्त्यावरच्या लाइनीतही ओढलं जातं. गल्लीत कोणाकोणाकडे पोचलं असेल कोण जाणे."

हे काकांनी ऐकलं. दुपारी, ज्या वेळेला त्यांच्या दाराची बेल वाजवलेली त्यांना चालत नाही, त्या वेळेला ते स्वतः गल्लीतल्या घरोघरी बेल वाजवत फिरले आणि दोन दिवस पाणी उकळून प्या म्हणून सांगून आले. कारण सांगितलं का, असं मी काकूंना विचारलं.

"सांगितलं तर," काकू म्हणाल्या. "पहिल्या घरी शेण म्हणाले. चौथ्या घरी सेंद्रिय द्रव्य झालं. शेवटच्या घरी बहुतेक नुसतंच पोषक."

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. सगळे आले, कारण कोणाचातरी धंदा बंद करायचा असला की कोरम पूर्ण होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाची आईही आली. वहिनी मागे भिंतीला टेकून उभ्या. मी विचारलं तर बसल्या नाहीत.

काका उठले. चष्मा लावला. हातात कागद नव्हता, हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"विषय क्रमांक एक. तळमजल्यावरील डब्यांचा व्यवसाय बंद करणे. हा विषय मागे घेण्यात येत आहे. कारण चोर सापडला."

"कोण?" तिसऱ्या मजल्यावरून आलेल्यांनी एकदम विचारलं.

"अध्यक्ष."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पिंप, नळी, पाटी, नीळ. एकही घटक न वगळता. शेण म्हणाले, तेही दोनदा. ती आई म्हणाली, "म्हणजे स्वयंपाकात काही नव्हतं?" "स्वयंपाकात फक्त तिखट जास्त आहे," काका म्हणाले. "पण तो विषय या मीटिंगच्या अखत्यारीत येत नाही." मागे भिंतीपाशी वहिनी पदराने तोंड झाकून हसत होत्या.

डबा बंद झाला नाही. पण ठराव मागे घेतला म्हणून गेलेली गिऱ्हाइकं परत येत नाहीत. सोमवारीही रिकामे डबे ओट्यावर रचलेलेच होते. बदनामी डबे घेऊन पार वारज्यापर्यंत गेली होती, आणि तिच्यामागे पोचेल अशी पाटी काकांकडे नव्हती.

मंगळवारी काका तळमजल्यावर आले. "उद्यापासून मला एक डबा. ताकासह."

"तिखट कमी करतो काका, तुमच्यापुरतं."

"नको. नियम सगळ्यांना सारखा."

आणि बुधवारी, माझी सुट्टी होती त्या दिवशी, काकांनी तो डबा घरात नेला नाही. फाटकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी खुर्ची मांडली, मांडीवर रुमाल पसरला आणि भर दुपारी तिथे बसून जेवले. वांग्याच्या भाजीच्या दुसऱ्याच घासाला चेहरा लाल झाला, तिसऱ्याला डोळ्यांतून पाणी. कॉलेजमधून येणारी दुसऱ्या मजल्यावरची मुलं गाडी थांबवून बघत राहिली.

"काका, काय झालं? रडताय?"

"रडत नाही. जेवतोय."

"पाणी आणू?"

"ताक आहे," काका म्हणाले आणि बाटली सगळ्यांना दिसेल अशी वर धरून प्यायले. वर काकू गॅलरीत उभ्या होत्या. "लग्नाला इतकी वर्षं झाली," त्या मला म्हणाल्या, "पण जेवणाला नावं न ठेवता जेवताना मी यांना पहिल्यांदा बघतेय."

काका हे रोज करायला लागले. मुलांनी फोटो काढले, ते कुठे कुठे गेले. आधी दुसऱ्या मजल्यावरची मुलं परत आली, मग त्यांचे मित्र. काही परत आलेच नाहीत, येणारही नाहीत. पण वहिनींच्या ओट्यावरची रिकाम्या डब्यांची रांग कमी होत गेली आणि नवऱ्याला सकाळी दोन खेपा करायला लागल्या. घर सोडण्याचं त्यांनी परत काढलं नाही.

तळमजल्यावरची पाटी बदलली. 'पाणी भरताना आवाज झालाच पाहिजे. नळीचे टोक पिंपाच्या काठाच्या वर वीतभर राहावे. आवाज थांबल्यास पाणी गेले असे समजून नळ बंद करावा. आज्ञेवरून.' व्हॉल्व्ह आहे, तो आपलं काम करतो, पण व्हॉल्व्ह कधीतरी अडकतो. वीतभर रिकामी जागा अडकत नाही. आमच्या घरी फिल्टर आला. मुंबईच्या लोकांकडूनही थोडंफार शिकण्यासारखं असतं, असं आता आमचे हे म्हणतात.

आता उजाडायच्या आधी सगळी इमारत दणाणते. मधे एकदा काका झोप न झालेल्या चेहऱ्याने माझ्या दारात आले. "सेक्रेटरीबाई, पिंपात तळाशी निदान एखादं फडकं टाकायला हरकत..."

"काका, पाटी," मी म्हटलं. ते गेले.

पाणी गेलं की आवाज थांबतो. तो थांबला की पहिल्यांदा वहिनींचा नळ कट्कन बंद होतो, आणि मग त्यांची जिन्यातून वर हाक जाते, "काका, गेलं हो! नळ!"

पूजा चालू असते, तरी वरून उत्तर येतं, "बंद केला!" काकांनी आरतीत तेवढी जागा ठेवली आहे. मग खाली स्कूटर सुरू होते आणि डबे निघतात.